समकक्ष हिरवी करी

माणसाची सगळी प्रगती 'नसल्यास' या एकाच शब्दावर उभी आहे. खरेदी विभागाच्या अधीक्षक बाईंइतकं हे कुणालाच पटलेलं नव्हतं. कुठल्याही शाखेने काहीही मागवलं की बाई लाल शाईने शेरा मारत: 'नसल्यास समकक्ष वस्तू चालेल.' एका शाखेने पंखा मागितला होता, तिला समकक्ष म्हणून खिडकी मंजूर झाली. (खिडकी आधीपासून होतीच, त्यामुळे पुरवठाही वेळेत झाला.)

अशा या बाईंची घरात मात्र पंचाईत झाली. मोठी नणंद थायलंडची सहल करून आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, तुझ्या हाताला चव आहे गं, पण सारखं तेच तेच! तिकडची हिरवी करी एकदा खाऊन बघ, म्हणजे कळेल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वन्सं, रविवारी जेवायलाच या. करतेच हिरवी करी!"

बोलून तर बसल्या. आता फजिती झाली असती तर वन्संनी ती जन्मभर मीठमिरची लावून सांगितली असती.

कृती मोबाइलवर चटकन मिळाली. जिन्नस काही मिळेनात. बाईंनी प्रकरण नियमानुसार हाताळलं. गलांगल नसल्यास आलं. फिश सॉस नसल्यास मीठ, कारण दोन्ही समुद्रातूनच येतात. बेसिल नसल्यास कोथिंबीर, आणि हिरव्या पेस्टऐवजीही कोथिंबीरच (रंगाबाबत तडजोड नाही). नारळाचं दूध नसल्यास दूध. तोफूच्या जागी पनीर ठरलं होतं, पण ते चिरंजीवांनी आदल्या दिवशीच फस्त केलं. मग बटाटा. एकदा चौकोनी कापल्यावर बटाट्यात आणि तोफूत फरक करणं म्हणजे निव्वळ आडमुठेपणा.

लेमनग्रासने मात्र घाम काढला. यजमान सगळे बाजार पालथे घालून हात हलवत परत आले. शेवटी दोघांनी गॅलरीत बसून गवती चहा घातलेला कडक चहा घेतला आणि लेमनग्रासऐवजी लिंबाची साल मंजूर केली. (लेमनग्रास म्हणजे गवती चहाच; पण आपल्या कुंडीत उगवणारी वस्तू परदेशी असेल, असा संशय घ्यायला दोघांनाही काही कारण नव्हतं.)

सासूबाईंनी झाकण उचलून पाहिलं. "बटाट्याचा रस्साच ना हा?"

"आई, थाई आहे!"

"असेल बाई. भात किती लावू?"

मूळ कृतीतली मिरची आणि पाणी तेवढं शाबूत राहिलं होतं. तरीही अस्सलपणाचं प्रमाण बाईंनी ब्याण्णव टक्के निश्चित केलं. (उरलेले आठ टक्के हवामानापायी गेले.)

रविवारी वन्संनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. बाईंचा जीव टांगणीला लागला. यजमानांनी तर पाण्याचा पेला हळूच बहिणीपुढे सरकवून ठेवला.

"अगं बाई! अगदी तिथल्यासारखी! काडीचाही फरक नाही!"

बाईंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. "तिकडे कुठे खाल्लीत हो?"

"हॉटेलातच की. बाहेरचं काही बाधायला नको म्हणून सहलीबरोबर आपला स्वयंपाकी होता ना, इथूनच नेलेला. सामानसुद्धा सगळं इथलंच हो!"

सासूबाई काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाईंनी त्यांच्या ताटात घाईघाईने भात वाढला. मग वन्संना आग्रह करकरून आणखी दोन डाव करी घातली, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. हातात आलेली अशी संधी सोडायला मन मोठं लागतं.

आपण हसत असाल. अवश्य हसा. मागे कुणाच्या तरी घरी नूडल्सचा पहिला घास घेऊन आपण "वा, अगदी ऑथेंटिक!" म्हणाला होतात, आठवतं ना? त्या घरच्या बाईही काही बोलल्या नव्हत्या. नुसतं हसून त्यांनी आपल्याला आणखी वाढलं होतं.