हजाराव्या दिवसाची हजेरी

माणूस ध्येयावाचून जगू शकतो, हजेरीवाचून नाही. जन्माला आल्याची नोंद होते, गेल्याची होते. मधल्या दिवसांची मात्र कोणी नोंद ठेवत नाही, आणि नेमकी त्याच दिवसांत माणसं बिघडतात. ही गोष्ट जगाच्या अजून लक्षात यायची आहे. सोलच्या नोर्यांगजिन भागात ती केव्हाच आलेली आहे.

नोर्यांगजिनात आम्ही सगळे सरकारी नोकरीच्या परीक्षांचे उमेदवार. इथे क्लास आहेत, आडवं झालं की पाय भिंतीला टेकावेत अशा खोल्या आहेत, उभ्याउभ्या खायचा कपातला भात आहे, आणि नवव्या, म्हणजे सर्वांत खालच्या, श्रेणीचा कारकून होण्यासाठी सहा-सहा वर्षं घासणारी शिकलीसवरलेली माणसं आहेत. अभ्यास काय, कुठेही होतो. अडतं ते सातत्यापाशी. निश्चयाचं आयुष्य तीन दिवस, अशी आमच्याकडे म्हणच आहे. म्हणून इथे हजेरी मंडळं असतात. बाहेरच्यांना वाटतं, मंडळ म्हणजे सगळे मिळून अभ्यास करत असतील. छे! मिळून अभ्यास केला की गप्पा होतात. हजेरी मंडळात फक्त हजेरी होते. सकाळी सातला ठरलेल्या जागी यायचं, एकमेकांची तोंडं बघायची, आपापल्या चौकोनात शिक्का मारायचा आणि चालू पडायचं. इतकी निर्मळ संस्था मी दुसरी पाहिलेली नाही.

अशाच एका मंडळाचा मी संस्थापक-अध्यक्ष. नाव ग्वाक दोंग-चुल, वय छत्तीस, परीक्षेचं वर्ष नववं. सभासद सात. कार्यालय: बंद पडलेल्या चष्म्याच्या दुकानाची पायरी. नियम एकूण एकोणतीस असले तरी खरा नियम चौथा. सर्व सभासद हजर असतील तरच दिवस मोजायचा; एकजण जरी चुकला तरी आकडा पुन्हा एकपासून. सवलत नाही. सभासद क्रमांक पाचचे आजोबा वारले तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी तीन दिवस चालला. तिन्ही दिवस तो पहाटेच्या बसने आला, शिक्का मारला आणि परत रडायला गेला. (त्याच्या घरचे अजून त्याच्याशी बोलत नाहीत. नोंद मात्र अखंड आहे.)

आता थोडी आकडेवारी. ती मीच गोळा केलेली असल्याने विश्वासार्ह आहे. सातला हजर राहायचं म्हणून सभासद सहाला उठतात. साडेसातला खोलीवर परततात. एवढ्या पहाटे उठल्यामुळे थकवा येतो, सबब सातपैकी सहा जण आठ ते अकरा झोपतात. दुपारचे दोन तास उद्याचं वेळापत्रक आखण्यात जातात. त्याला सरासरी चार रंगांची पेनं लागतात. संध्याकाळी फार वेळ बसून चालत नाही, कारण दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं असतं. असा हा दिनक्रम घड्याळासारखा चालू आहे. स्थापनेपासून परीक्षा उत्तीर्ण झालेले सभासद: शून्य. उत्तीर्ण झालेला माणूस मंडळ सोडून जातो, हे ध्यानात घेता हा आकडा मंडळाच्या स्थैर्याचाच पुरावा मानावा लागेल.

न झोपणारी सातवी म्हणजे आमची चिटणीस, पियो मि-रान. वय बत्तीस, गाव मोकपो, प्रयत्न सहावा. पोरगी गुणी, पण तिला एक खोड होती. शिक्का मारला की ती सरळ वाचनालयात जायची आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसायची. मी तिला मोठ्या भावाच्या नात्याने दोनदा समजावलं, की बाई गं, एवढा अभ्यास केलास तर एक दिवस हजेरी चुकेल. ती हसायची. माझ्या बोलण्यावर माणसं हसली की मला राग येतो, पण तिचा आला नाही.

तिच्या वडिलांनी फोनवरून निर्वाणीचं सांगितलं होतं: जूनची परीक्षा शेवटची. झाली तर झाली, नाहीतर मुकाट्याने गावी यायचं आणि आत्याच्या खानावळीत आंबवलेली पाकट मासळी कापायला उभं राहायचं. मोकपोचं हे पाकट नावाजलेलं आहे, आणि त्याचा वास एकदा हाताला लागला की माणसाच्या आधी खोलीत शिरतो. मि-रान एकदा पायरीवर बसून मला म्हणाली, "दादा, सहा वर्षं मी खिडकीबाहेर रांगेत उभी आहे. मला एकदा आत बसायचंय." मी हे 'सभासदांची ध्येयं' या पानावर तिच्या नावापुढे टिपून ठेवलं. (ध्येय: बसणे.)

मे महिन्यात मी हिशेब मांडला आणि अंगावर काटा आला. आमचा अखंड हजारावा दिवस जूनच्या दुसऱ्या शनिवारी येत होता. नोर्यांगजिनच्या इतिहासात एवढा आकडा कोणी पाहिलेला नाही. (इतिहास मी स्वतः लिहितो आहे.) आणि त्याच शनिवारी परीक्षा होती.

बरं, ही परीक्षा ज्याने त्याने आपापल्या प्रांतात जाऊन द्यायची असते. मि-रानला मोकपोला पोचणं भाग. सातला शिक्का मारून पळत सुटलं तरी गाडी मोकपोला दहाच्या सुमाराला टेकते, आणि केंद्राचं फाटक नऊ वीसला बंद होतं. देगू आणि गांगनुंगच्या सभासदांचीही हीच गत. जेजूच्या सभासदाला तर मध्ये समुद्र आडवा येत होता. सोलचे दोघे तेवढे सातला शिक्का मारून आरामात केंद्रावर पोचले असते.

मि-रानने सभेत ठराव मांडला, की परीक्षेच्या दिवशी हजेरीला सुट्टी असावी. त्याला हरकत घेतली योम सांग-गू याने. योम हा आमचा कायदेपंडित. प्रशासकीय कायद्याच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्याने एक्कावन्न वेळा वाचलेलं आहे. (दुसरंही असतं, असं तो ऐकून आहे.) योमचं म्हणणं असं, की आज परीक्षेला सुट्टी दिली तर उद्या तापाला द्यावी लागेल, परवा पावसाला, आणि मग मंडळ आणि धर्मशाळा यांत फरक तो काय राहिला? देगूवाला म्हणाला, परीक्षा दरवर्षी येते, हजारावा दिवस एकदाच. ठराव सहा विरुद्ध एक मतांनी फेटाळण्यात आला. मि-रान सोडता ज्यांची परीक्षा बुडणार होती त्या तिघांच्या तोंडावर त्या क्षणी जी शांतता पसरली, ती मी नऊशे दिवसांत पाहिली नव्हती. दाढ काढायला गेलेल्या माणसाला दवाखाना बंद आहे असं कळावं, तशी. मला माझ्या माणसांचा अभिमान वाटला.

शुक्रवारी संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवत असताना मि-रान आली. पाठीला पिशवी होती. गावाहून आलेल्या तांदळाच्या पाकाच्या चिकट वड्या तिने माझ्यापुढे ठेवल्या. परीक्षेआधी त्या खातात, म्हणजे उमेदवार यादीला चिकटतो. मी तिला पाव तास सातत्याचं महत्त्व सांगितलं. थेंबाथेंबाचं तळं इथपासून सुरुवात केली. तिचं लक्ष माझ्या वाडग्याकडे होतं. वाडग्यात समुद्रशेवाळाचं सूप होतं. ते बुळबुळीत असतं, ते प्यायलं की परीक्षेत पाय घसरतो, म्हणून नोर्यांगजिनात परीक्षेच्या आठवड्यात कुत्रंसुद्धा त्याला तोंड लावत नाही.

"दादा, उद्या परीक्षा आणि तुम्ही हे पिताय?"

"आवडतं मला."

"फॉर्म भरलाय ना तुम्ही?"

मी म्हणालो की अध्यक्षाच्या मागे अनेक व्याप असतात. खरं सांगायचं तर शेवटचा फॉर्म मी तीन वर्षांपूर्वी भरला होता. दरवर्षी भरायचं ठरतं, पण शेवटच्या तारखेला काही ना काही मंडळाचं काम निघतंच. (काम नसेल तर मी काढतो.) चिटणीस म्हणून हजेरीची वही आणि शिक्के तिच्याकडे असत; ते सगळं एका फडक्यात बांधून तिने माझ्या हातात दिलं, उद्या सातला उघडा म्हणाली, वाकून नमस्कार केला आणि स्टेशनच्या दिशेने चालती झाली. मला वाटलं, कोणाला तरी सोडायला निघाली असेल.

शनिवारी सातला पायरीवर आम्ही सहा जण होतो. सात वाजून एक मिनिटाने मी फडकं सोडलं. वहीत हजाराव्या दिवसाच्या पानावर, मि-रानच्या चौकोनात, तिचा शिक्का आदल्या दिवशीच मारलेला होता. सोबत चिठ्ठी: 'माझी उद्याची हजेरी आजच लावली आहे. तुमचे हजार पूर्ण करा आणि पळा. सोलवाल्यांना अजून पुष्कळ वेळ आहे.'

आता बोला. बाईने आम्हाला हजारावा दिवस देऊनही टाकला होता आणि आमची पंचाईतही करून ठेवली होती. आपण आपले शिक्के मारावेत आणि निघावं, असं सोलच्या सभासद मो जोंग-ए दबक्या आवाजात म्हणाल्या. त्यांना फाटकापर्यंत बसने पाऊण तास पुरला असता. पण योमने हात वर केला. जो दिवस अजून उजाडलेलाच नाही, त्या दिवशी हजर असल्याचा शिक्का ग्राह्य कसा धरायचा? मुद्दा बिनतोड होता. योम स्वतःही सोलचाच उमेदवार, म्हणजे त्याचीही परीक्षा होती. तरी त्याने तत्त्व सोडलं नाही. सभा भरली. पूर्वहजेरी म्हणजे हजेरी की हजेरीचं आश्वासन? माणूस मेला तर त्याचा आगाऊ शिक्का मोजायचा का? साडेआठला मो जोंग-ए यांनी, मी निघू का, असं विचारलं. पण सहापैकी एक उठला की नियम एकोणीसप्रमाणे सभा अवैध ठरत होती. त्या पुन्हा बसल्या. नऊ वीस झाले. दहा झाले. देगूवाल्याने सर्वांसाठी किंबाप, म्हणजे शेवाळात गुंडाळलेले भाताचे रोल, आणले.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ठराव संमत झाला: 'सभासद पियो मि-रान यांची पूर्वहजेरी अपवाद म्हणून ग्राह्य धरण्यात येत आहे, मात्र यायोगे पायंडा पडू नये.' टाळ्या झाल्या. फोटो काढला. बरोबर त्याच मिनिटाला देशभरच्या केंद्रांवर उत्तरपत्रिका गोळा होत होत्या. मो जोंग-ए पायरीवर बसून रडायला लागल्या; इतिवृत्तात आम्ही त्याची नोंद आनंदाश्रू अशी केली. भरून मलाही आलं होतं. कशाने, ते मी लिहिलं नाही.

मि-रान पास झाली. मोकपोच्या एका वॉर्ड कार्यालयात तिला खिडकी मिळाली, आतल्या बाजूची. पुढच्या मार्चमध्ये ती प्रशिक्षणासाठी सोलला आली आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला थेट पायरीवर हजर झाली. मी एकटाच होतो. दरम्यान मंडळाने प्रगती केली होती: सकाळच्या हजेरीला जोडून आम्ही संध्याकाळी सहाचीही हजेरी सुरू केली होती. तिचा सातवा चौकोन मोकळाच होता. मी तिला वही दाखवली, आकडा दाखवला. तिने तो नीट पाहिला, छान आहे म्हणाली, आणि मग विचारलं,

"दादा, आज अर्जाचा शेवटचा दिवस. सहाला बंद होतं. भरलात?"

मी वहीचं पान उलटलं. तिने फोन काढून फॉर्म उघडला, माझं नाव स्वतःच घातलं आणि फोन माझ्यापुढे धरला. दहा मिनिटांचं काम आहे, पत्ता सांगा, म्हणाली. नऊ वर्षांत माझ्यासाठी कोणी एवढं केलं नव्हतं, माझ्या आईनेसुद्धा नाही. आईने तर दोन वर्षांपूर्वीच विचारणं सोडलं. हात पुढे करावा असं वाटलं मला. खोटं कशाला सांगू? पण पावणेसहाला वही उघडायची असते, शाईची गादी भिजवायची असते, सहाला सगळे येणार असतात.

"शिक्के मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही पत्ता सांगा."

मी म्हणालो की परस्पर शिक्का मारणं नियमात बसत नाही, आणि हा विषय येत्या सभेपुढे ठेवता येईल. तिचा हात बराच वेळ तसाच होता.

"हजेरीत कोणी नापास होत नाही, दादा," ती शेवटी हळूच म्हणाली. "म्हणून आवडते ती तुम्हाला."

फोन तिने खिशात ठेवला नाही. सहा वाजेपर्यंत उघडाच धरला. सहाला सभासद आले, शिक्के पडले, आणि फॉर्म आपोआप बंद झाला. मग ती गाडी गाठायला गेली. त्या दिवशीचा माझा शिक्का जरा वाकडा उमटला आहे. वही तपासणाऱ्याने शाईचा दोष समजावा.

वाचकहो, तुम्ही हसलात, माझी काही तक्रार नाही. फक्त एक विचारतो. 'एवढं वाचून होऊ दे, मग बसतो कामाला' असं म्हणून तुम्ही हे हातात घेतलंत, ते काम कोणतं? मला सांगू नका, मी कोण विचारणारा. पण त्यालाही कुठेतरी शेवटची तारीख असेलच, आणि त्याचं वेळापत्रक तुम्ही चार रंगांत आखून ठेवलेलं असेल. तरीही पहिल्या ओळीपासून इथपर्यंत तुम्ही एकही ओळ न चुकवता आलात. अशी माणसं आम्हाला हवीच असतात. सातवा चौकोन मोकळा आहे. आमच्याकडे अर्ज नाही, परीक्षा नाही, निकाल नाही. उद्याचा तुमचा शिक्का मी आजच मारून ठेवला आहे.