वामनरावांची रेघ

वामनराव सबनीस परक्या घरात शिरताना चपला दाराशी ठेवत नसत, काखेत धरत. लोकांना तो नम्रपणा वाटे. पळायची वेळ आली तर चपला शोधत बसायला नको, हे खरं कारण त्यांनी फक्त मला सांगितलं होतं.

अंबरनाथला आम्ही शेजारी. मी कारखान्यात कारकून, ते मुंबईला मानवशास्त्राचे संशोधक. कुत्री, न उकळलेलं पाणी, मोठ्यानं बोलणाऱ्या बायका, सगळ्यांना ते भीत. आणि अशा माणसानं विषय कोणता घ्यावा? तर फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांची नातीगोती! "घरोघर जाऊन बसायचं, मिसळायचं. फक्त निरीक्षण हं, ढवळाढवळ नाही!" असं म्हणत ते दर रविवारी मला ओढून नेत. एकट्यानं जायला त्यांचे पाय लटपटत. माझेही लटपटत, पण ते विचारतो कोण?

छावणी म्हणजे लष्करानं सोडलेल्या लांबच लांब बराकी. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून दहा-बारा बिऱ्हाडं. हातात वही दिसली की पडद्यापलीकडचं बोलणं एकदम बंद व्हायचं. वहीवाला म्हणजे सरकारी, आणि सरकारी माणूस काहीतरी हिरावून न्यायलाच येणार. त्या शांततेची मला फार भीती वाटे.

पाच नंबरच्या छावणीतल्या एका म्हाताऱ्या अम्मांनी मात्र आम्हाला बसवून घेतलं. वामनराव त्यांची वंशावळ काढू लागले. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ, आणि माणूस गेलेलं असेल तर त्यावर रेघ. नवऱ्याच्या त्रिकोणावरची रेघ कशाची, हे अम्मांनी विचारून घेतलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"बड़ा पुट?" वामनरावांनी विचारलं. पुट म्हणजे मुलगा, एवढं सिंधी ते शिकले होते.

"कराची में रह गया. अभी नहीं…" अम्मा म्हणाल्या.

"आता नाही! अरेरे," वामनराव हळहळले आणि त्यांनी रेघ मारली.

"मेरे पुट को काट दिया!" अम्मांनी किंकाळीच फोडली.

'अभी नहीं' म्हणजे 'अजून आला नाही', हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत भराभर पडदे सरले. मुलाच्या शोधासाठी अम्मांनी अर्ज केला होता. सरकारी वहीत तो मेला की शोध बंद, अशी त्यांची खात्री. दारात सात-आठ पुरुष येऊन उभे राहिले. एकाच्या हातात जळाऊ लाकूड होतं. बाहेर जायला दुसरी वाट नव्हती.

"किसने भेजा तुमको?" लाकूडवाला गरजला.

"भ्यायचं कारण नाही," वामनराव मला म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. आता हे निसटणार आणि मी एकटा सापडणार, याबद्दल मला शंका उरली नाही. पण ते मांडी ठोकून बसलेच. रबरानं रेघ खोडली, तरी खूण उरली. तेव्हा त्यांनी पानच फाडलं आणि नव्या पानावर अम्मांचं अख्खं घर पुन्हा काढलं. थोरल्याचा त्रिकोण जरा मोठाच काढला.

"माफ करो अम्मा. वो है. मेरा गलती," ते म्हणाले.

अम्मांचं समाधान झालं. लाकूडवाल्याचं होईना. "अब अपना घर निकालो," तो म्हणाला. "देखते हैं, अपने आदमी को काटता है क्या!"

वामनरावांनी आपला त्रिकोण काढला. शेजारी एक वर्तुळ काढलं. सबनीसवहिनी विषमज्वरानं गेल्या त्याला दोन वर्षं झाली होती, तिरडीला खांदा मीच दिला होता. त्यानंतर वामनरावांच्या तोंडून वहिनींचं नावही मी ऐकलं नव्हतं.

त्यांनी पेन्सिल वर्तुळाच्या कडेला टेकवली. ती तिथेच राहिली. दारातल्या माणसांचा त्यांना विसर पडला असावा.

"घरवाली?" अम्मांनी विचारलं.

वामनरावांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणालाच कळलं नाही.

अम्मांनी हळूच पेन्सिल त्यांच्या बोटांतून काढून घेतली.

"रहने दे, पुट," त्या म्हणाल्या.