पळसदेव, पुढे चाल

आकडेमोड माझ्यावर सोपवावी आणि निर्धास्त झोपावं, अशी आमच्या घरात माझी ख्याती आहे. बारामतीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. बोलते कमी, पण दशांशचिन्ह जागचं हलू देत नाही! म्हणून निरवांगीच्या मुलींच्या कबड्डी स्पर्धेत यंदा चारांऐवजी बारा संघ घ्यायचं ठरलं, तेव्हा आयोजक असलेल्या माझ्या सासऱ्यांनी, मोहनरावांनी, सामने लावायचं काम मला दिलं.

मी त्यांना समजावलं. बाराचे सहा, सहाचे तीन, आणि तिघांत अंतिम सामना होत नाही. म्हणून गेल्या वर्षीच्या तालुक्यातल्या सगळ्या स्पर्धांमधल्या खेळावरून संघांचा क्रम लावायचा. पहिले चार पहिली फेरी न खेळता थेट उपांत्यपूर्व फेरीत. बाकीचे आठ आपसांत खेळणार : पाचवा बाराव्याशी, सहावा अकराव्याशी, असे. त्यातून उरलेले चार या चौघांशी भिडणार.

"म्हंजी जो चांगला खेळतो, त्याला खेळू द्यायचं न्हाय?"

"त्याला विश्रांती द्यायची, आबा. वरच्या क्रमाचं बक्षीस."

आबांनी ओसरीवर लोळणाऱ्या माझ्या दिराकडे पाहिलं. "मग आपला सूरज पयल्या नंबरचा दिसतोय."

प्रश्न उरला शब्दाचा. या सवलतीला सगळे 'बाय' म्हणतात. भोंग्यावरून 'पळसदेवला बाय मिळाली' असं गेलं तर गाव किती दिवस हसेल, हे मला कळत होतं. मी पेपरातला शुद्ध मराठी शब्द निवडला : पुढे चाल. आणि गावातल्या प्रत्येक लग्नात भोंगा हातात घेणाऱ्या सावळाराम तात्यांना बजावलं, कागदावर आहे तेवढंच वाचा, पदरचं काही घालू नका.

तात्यांनी शब्द पाळला. सगळे संघ मैदानात रांगेत उभे राहिले आणि भोंगा गरजला, "पळसदेव, पुढे चाल!"

पळसदेवच्या मुली दोन पावलं पुढे आल्या आणि थांबल्या. आपलं ऐकू गेलं नाही असं वाटून तात्या आणखी जोरात म्हणाले, "पळसदेव, पुढे चाल! कोऱ्हाळे बुद्रुक, पुढे चाल!"

मी तेव्हा फळ्यावर पट्टीने रेघा मारत होते. रेघा सुंदर आल्या होत्या.

थोड्या वेळाने मनिषा मॅडम जवळ आल्या. त्या जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडायला आल्या होत्या, मुख्यतः पळसदेवची कर्णधार श्रेया पाहायला. तिचं हे निवडीच्या वयाचं शेवटचं वर्ष. "श्रेया कुठाय?" त्यांनी विचारलं. मी मांडवाकडे बोट केलं. मांडवात पहिल्या चारांतलं कुणीच नव्हतं.

"गेल्या की," तात्या म्हणाले. "तुमीच लिवलं हुतं."

नवऱ्याला, रणजितला, मोटारसायकल काढायला लावली. सुदैवाने उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता आणि त्यांच्यामागे चारही टेम्पो अडकले होते. पळसदेवच्या टेम्पोत श्रेया खाली मान घालून बसली होती. तिच्या शेजारी संघ घेऊन आलेल्या फुलाबाई. मी धापा टाकत बारा, आठ, चार असं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग बाय म्हनायचं की. बाय कुनाला कळत न्हाय?"

"मला वाटलं, मराठीत..."

"मराठीत दारात मागाया आलेल्याला पुढं चाल म्हनत्यात, बाई. पोरी पहाटं उठून आल्या. ही तर रडली."

मी श्रेयाचा हात धरला आणि चुकले म्हणाले. तिने फुलाबाईंकडे पाहिलं. टेम्पो वळला, मागचे तीनही वळले.

तोवर मनिषा मॅडमना आबांनी चहावर चहा पाजून बसवून ठेवलं होतं. पळसदेव उपांत्यपूर्व फेरीत हरलं, माझ्या त्या विश्रांतीत पोरींचं अंग पार आखडलं होतं. पण श्रेयाची निवड झाली. तिने जाताना मला वाकून नमस्कार केला. जमीन दुभंगती तर बरं, असं वाटलं.

आठवड्याने कमिटीची बैठक आमच्याच ओसरीवर झाली. पुढच्या वर्षी सोळा संघ, म्हणजे सगळं सुटसुटीत. मी पट्टी आणि खडू घेऊन बाहेर आले. आबांनी माझ्याकडे न बघता, अतिशय मायेनं, सांगितलं.

"सूनबाई, तुमचा क्रम लई वरचा हाय. तुमाला पुढं चाल."