कपाटाला सोडलेली माया

“येत्या रविवारी तू येशील तेव्हा ओट्याखाली नवं कपाट उभं असेल,” मास्तर फोनवर म्हणाले. “सुतार नाही, मिस्त्री नाही. स्वतःच्या हाताने करणार.”

“आणि नसलं तर?” मुलीने विचारलं.

“नसलं तर बॅग भरून तुझ्याकडे राहायला येतो. मग तर झालं?”

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे त्यांना फोन ठेवताना कळलं. पण मुलगी तोवर “ठरलं” म्हणून मोकळी झाली होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. दुकान आता बंद केलं होतं. बायको गेली आणि थोड्याच दिवसांत, जणू तिच्याच भरवशावर उभं असल्यासारखं, ओट्याखालचं जुनं कपाटही गेलं. सिंकचं पाणी झिरपून त्याचा तळ कुजला होता. डबे जमिनीवर आले. कुठल्या डब्यात काय आहे हे बायकोला झाकणाच्या आवाजावरून कळायचं. मास्तरांना झाकण उघडूनही कधी कधी कळत नसे. एकदा मुलीने त्यांना जमिनीवर बसून डबे हुंगताना पाहिलं आणि तेव्हापासून तिने धोशा लावला, “बाबा, तुम्ही आमच्याकडे चला.”

मुलीकडे काही कमी नव्हतं. जावई गरीब स्वभावाचे, खोली हवेशीर, वर लिफ्ट. फक्त त्या घरात बायको कधी राहिली नव्हती. मास्तरांना तिथे करमणार नव्हतं ते एवढ्यासाठीच. पण हे मुलीला सांगायचं कसं? म्हणून कपाट.

प्लायवूडच्या दुकानात त्यांनी मेलामाइनचे बोर्ड पसंत केले. दोन्ही अंगांनी पांढरे, गुळगुळीत, आणि आत दाबून बसवलेला लाकडाचा भुसा. दुकानदार मापाप्रमाणे कापून देणार होता.

“कापलं की कडेला भुसा उघडा पडतो,” तो म्हणाला. “त्यावर ही पट्टी लावायची. पाठीमागे गोंद आहेच. वरून गरम इस्त्री फिरवली की चिकटते.”

“कशाने चिकटते?”

“इस्त्रीने.”

मास्तरांची छाती फुगली. जगात सुतारकाम नावाचं इतकं सोपं काम आहे आणि त्यासाठी लोक सुतारांच्या विनवण्या करतात, याचं त्यांना हसू आलं. काठाला पट्टी लावून इस्त्री मारायची! हे तर ते झोपेत करत आले होते.

“माप एकदा तपासून घेऊ का?” दुकानदाराने विचारलं.

“अख्खं आयुष्य मापं घेण्यात गेलं माझं,” मास्तर म्हणाले. “तुम्ही कापा.”

माप खरोखरच चोख होतं. ओट्याखालची जागा त्यांनी उभी, आडवी, तिरकी मोजली होती. मग, हाताला जसं वळण पडलं होतं तसं, प्रत्येक मापात त्यांनी दोन बोटं माया धरली. माया म्हणजे शिलाईत आत दुमडून जाणारं जास्तीचं कापड. ती सोडली नाही तर कपडा अंगाला तंग होतो, हे कुठलाही शिंपी सांगेल. बोर्ड आत दुमडत नाही, हे कुठल्याही शिंप्याला कोणी सांगितलेलं नसतं.

बैठकीत चादर अंथरून काम सुरू झालं. दुकानातली जुनी जड इस्त्री तापवली. पहिली पट्टी अशी बसली की मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली. बाजूने जास्त आलेली किनार ब्लेडने काढली. कड कशी, नव्या कॉलरसारखी!

“बघ,” ते भिंतीवरच्या फोटोला म्हणाले. फोटोत बायको बघतच होती.

दुसऱ्या कडेला इस्त्री जरा जास्त वेळ थांबली आणि पट्टी करपून पिवळी पडली. मास्तर घाबरले नाहीत. करपायला लागलं की पाणी शिंपडायचं, हे त्यांच्या हाताला डोक्याच्या आधी ठाऊक होतं. बाटली उचलली आणि फुसफुस करून सगळ्या कडांवर पाणी मारलं. इस्त्री चर्र वाजली. वाफ निघाली. वाफ बघून मास्तरांना बरं वाटलं.

भुशाला मात्र पाण्याचं वावडं होतं. चहा पिऊन येईपर्यंत कडा भिजवलेल्या पावासारख्या फुगल्या आणि पट्ट्या सुटून लोंबू लागल्या. मास्तरांनी पुन्हा इस्त्री फिरवली. पट्टी इस्त्रीला चिकटली, बोर्डला नाही. मग लेंग्याला चिकटली. शेवटी त्यांनी पट्ट्यांना टाचण्या लावल्या. पक्कं काम नंतर, आधी कच्चा टाका, एवढाच त्यांचा हिशोब.

रविवारी सकाळी स्क्रू पिळून कपाट उभं राहिलं. पुढची दारं अजून बसायची होती, नळासाठी पाठही उघडी ठेवली होती. पण उभं होतं. मुलगी यायला अवकाश होता. आता ते फक्त स्वयंपाकघरात न्यायचं होतं.

ढकलून सरकेना. मास्तर आत गेले आणि स्वयंपाकघराच्या बाजूने ओढू लागले. कपाट निम्मं आत आलं, चौकटीत शिरलं आणि थांबलं. ओट्याखालची जागा आणि हे दार साधारण एकाच रुंदीचं. त्यात दोन्ही बाजूंची माया, त्यात फुगलेल्या कडा. त्यांनी भिंतीला पाय लावून एक हिसका दिला. धाडकन आवाज झाला आणि कपाट असं घट्ट बसलं, जसं चौकटीसाठीच शिवलेलं.

मास्तर आत, बाकी सगळं घर बाहेर. कपाट कमरेइतकं उंच होतं, पण त्यावर चढून पलीकडे उतरणं त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच सोडलं होतं. खालून रांगत जावं तर मध्ये फळी. फोन बैठकीत होता. तो वाजला, वाजत राहिला आणि थांबला.

आवाज ऐकून शेजारच्या वहिनी बाहेरच्या दाराशी आल्या. दार आतून बंद.

“भाऊ, काय पडलं हो?”

“काही नाही, वहिनी,” मास्तर स्वयंपाकघरातून ओरडले. “पट्टी लावत होतो. इस्त्रीने जरा भाजलं.”

“अगं बाई. मग?”

“मग पाणी मारलं, तर फुगलं.”

“फुगणारच. पाणी कशाला मारलंत? पट्टी नीट बसलीय का?”

“कसली बसतेय, सारखी सुटते. टाचण्या मारल्यात.”



“टाचण्या?” वहिनी म्हणाल्या. “भाऊ, तुम्हाला दार उघडायला येता येतंय का?”

“नाही ना. एक बाजू थोडी हलते, दुसरी अजिबात हलत नाही.”

 वहिनी धावत घरी गेल्या आणि त्यांनी मुलीला फोन लावला. वडिलांना भाजलंय, फुगलंय, जखमेला स्वतःच टाचण्या मारून घेतल्यात आणि एक बाजू लुळी पडलीय. बोलतायत मात्र शुद्धीत.

मुलगी आणि जावई आले ते मलम, कापूस आणि कुणाकडून तरी मागून आणलेली चाकाची खुर्ची घेऊन. मुलीकडे दुसरी किल्ली होती. तिने दार उघडलं. समोर स्वयंपाकघराच्या दारात पांढरं कपाट आडवं, त्याच्या पलीकडे कपाटावर दोन्ही हात टेकून मास्तर उभे, जसे दुकानात काउंटरमागे उभे राहायचे.

“या,” मास्तर म्हणाले.

मुलगी धापा टाकत होती. “कुठे भाजलंय?”

“हे काय, डाव्या कडेला. पिवळं दिसतंय ते.”

तिने कड पाहिली. टाचण्या पाहिल्या. मग ती जावयांनी आणलेल्या चाकाच्या खुर्चीत बसली आणि रडायला लागली. वहिनी दाराबाहेरूनच म्हणाल्या, “मला जे ऐकू आलं तेच मी सांगितलं हो,” आणि सटकल्या.

“अगं, रडतेस काय? मला काही झालेलं नाही,” मास्तर कावरेबावरे झाले.

“झालं असतं म्हणजे? फोन बाहेर, तुम्ही आत. कोणाला कळलं असतं?” तिने डोळे पुसले. “बस झालं. तुम्ही चला आमच्याकडे.” मग नवऱ्याकडे वळून, “अहो, बाबांची बॅग भरा.”

जावई लगेच आतल्या खोलीत गेले. त्यांना एखादं काम सांगितलं की ते प्रश्न विचारत नसत.

“कपाट उभं राहिलं तर नाही यायचं, असं ठरलं होतं,” मास्तर म्हणाले.

“ओट्याखाली, बाबा.”

“ओट्यापर्यंत चार पावलं राहिली फक्त.”

“बरं. चला मग.”

“चलतो की. आधी बाहेर काढ.”

मुलीने कपाट ढकललं. ते हललं नाही. तिने दोन्ही हातांनी ढकललं, मग पाठ लावून ढकललं. शेवटी ती चौकटीशी वाकून कड बघू लागली.

“हे मोठं कसं झालं एवढं? माप चुकलं?”

“माप नाही चुकलं,” मास्तर हळूच म्हणाले. “माया सोडली दोन बोटं.”

“लाकडाला?”

“हाताने सोडली गं. मला काय माहीत.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या शाळेच्या फ्रॉकना एवढी माया असायची की एक फ्रॉक उसवत उसवत चार इयत्ता चालायचा. तिला हसू यायला लागलं. ते तिने दाबून बघितलं, दाबेना. आई गेल्यापासून ती या घरात पहिल्यांदाच हसत होती, तेही चाकाच्या खुर्चीचा आधार घेऊन.

सुताराला बोलावल्यावर तो लगेच आला. असला सुतार मास्तरांनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि आजच नेमका भेटला. त्याने एक बाजू उघडली, फळ्या आखूड केल्या, पुन्हा जोडल्या. कपाट ओट्याखाली सुळकन गेलं. मुलीने जमिनीवरचे डबे उचलून एकेक आत मांडले. मास्तर बाजूला उभे राहून बघत होते. 

“या पट्ट्या सगळ्या गेल्या,” सुतार म्हणाला. “काढून नव्या लावाव्या लागतील. मला सवड नाही.”

“मी लावतो,” मास्तर म्हणाले.

“किती दिवस लागतील?” मुलीने विचारलं.

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. धंद्यात असताना त्यांनी एकाही गिऱ्हाईकाला खरी तारीख दिली नव्हती.

“नीट करायचं म्हणजे... वर्ष तरी जाईल.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, उरलेला एक डबा उगाच थोडा सरकवून ठेवला.

“घाई नाही,” ती म्हणाली. “दर रविवारी येऊन बघत जाईन मी.”

मग तिने आतल्या खोलीत हाक मारली, “अहो, बॅग रिकामी करा. बाबा इथेच राहतायत.”

 जावई बॅग घेऊन दारात आले. मास्तरांचे सगळे कपडे, चष्म्याची डबी, गुडघ्याचं तेल, सगळं त्यांनी नीट घडी करून भरलं होतं. वर कुलूपही लावलं होतं.

“किल्ली हरवू नये,” ते म्हणाले, “म्हणून मी ती आत ठेवली.”