सेतुअण्णांची पुन्हा फेरी

ही गोष्ट मी चाळीस वर्षं टाळली. सेतुअण्णांचा विषय निघाला की त्यांच्या स्कूटरची गंमत सांगायचो आणि तिथेच थांबायचो. आता थकलो आहे. वयाने, आणि गप्प बसण्यानेही.

गंमत अशी. कुंभकोणमला आमचे शेजारी सेतुअण्णा स्कूटर घरी आणत, तेव्हा पुढचं चाक फाटकाच्या मधोमध आलं नाही तर थांबतच नसत. "पुन्हा फेरी!" असं ओरडून सरळ पुढे जात आणि देवळाच्या तळ्याला वळसा घालून परत येत. आडी महिन्यात, आषाढाच्या सुमारास, वारा सुटला की तीन-तीन फेऱ्या. वर वेगही जास्त. झटक्यांनी वाऱ्याचा वेग जितका वाढतो, त्याच्या निम्म्याने आपला वेग वाढवून उतरायचं, हा विमानाचा नियम ते स्कूटरलाही लावत. भाजीवाली टोपली उचलून ओट्यावर चढायची. आतून वहिनी ओरडायच्या, "उतरा की हो एकदा! रसम तिसऱ्यांदा ऊन केलं!"

"पुन्हा फेरी घेण्यास लाज कशास?" अण्णांचं ठरलेलं उत्तर.

कॉफीच्या दुकानात कुणीतरी हमखास विचारी, "विमान पाडलंत तेव्हा कुठे होती ही फेरी?"

अण्णा टंबलर खाली ठेवत. "विसरलो, अप्पा."

ते विसरले नव्हते. ते विमान मी उतरवत होतो.

अण्णा तेव्हा एका फ्लाइंग क्लबात शिकवत आणि मी त्यांचा विद्यार्थी. दोघांपुरतं विमान, आडवा वारा, झटके. मी वेग कमी ठेवला होता. "वर घे, व्यंकू! पुन्हा फेरी!" अण्णा शेजारून म्हणाले. पण धावपट्टीच्या कडेला माझे होणारे सासरे बघायला उभे होते. मला एका दमात उतरून दाखवायचं होतं. मी इंजिनाचा जोर आणखी कमी केला. झटक्याने डावा पंख उचलला. अण्णांनी दांडा हिसकावला, तोवर एक चाक मोडलं आणि नाकावरचा पंखा जमिनीत रुतला. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही.

चौकशीत अण्णांनी सांगितलं, "विमान माझ्या हाती होतं, व्यंकूच्या नाही." मी मान डोलावली.

बाहेर आल्यावर म्हणाले, "रडू नोको. मज दुसरं काम मिळेल. तुज हे एकच येतं. तेही नीट नाही."

क्लबाने त्यांना काढलं. ते गावी येऊन लोकांना मोटार शिकवू लागले. मी निवृत्त होईपर्यंत विमानं उडवली.

गेल्या वर्षी अण्णा वारले. त्याच्या महिनाभर आधी जवळच्या दारासुरमहून परतताना मी स्कूटरवर त्यांच्या मागे बसलो होतो. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून धीर झाला.

"अण्णा, विमान माझ्या हाती होतं. आता सगळ्यांना सांगतो. मला माफ करा."

"काय रे? हेल्मेटात काही ऐकू येत नाही. मोठ्याने बोल!"

"काही नाही," मी ओरडलो. "हळू चालवा."