साठीच्या पुढची बेबी

स्पर्धेच्या दिवशी सकाळी घरातली दोन माणसं एकमेकांवर चिडलेली होती, तिसरं समजूत घालत होतं आणि चौथं रडत होतं.

चौथं म्हणजे तान्ही. तिला दात येत होते, तेव्हा तिचं रडणं समजण्यासारखं होतं. बेबी चिडली होती ती आईवर. बेबी हे घरातलं लाडाचं नाव. बाई चौतीस वर्षांची, औषधांच्या दुकानाची मालकीण, आणि कॉलेजात असताना लांब पल्ल्याच्या शर्यतींत बक्षिसं मिळवलेली. मग लग्न, दुकान, बाळंतपण यांत धावणं जे मागे पडलं, ते पडलंच. आता कुठे तिने पुन्हा बूट बांधले होते आणि दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं होतं, तर आईचं एकच पालुपद.

"अजून अंग भरून आलेलं नाही तुझं. दहा कशाला हवेत? माझ्याबरोबर पाच धाव मुकाट्याने."

"आई, तू साठी उलटल्यावर धावायला लागलीस. मला शिकवू नकोस. आणि तूच जप, तुझा गुडघा..."

"माझ्या गुडघ्याचं नाव काढायचं नाही!"

आई इस्पितळात मेट्रन होती. नोकरी संपली तरी आवाज अजून ड्यूटीवरच होता. त्या आवाजाने तान्ही क्षणभर गप्प झाली आणि मग दुप्पट जोराने रडू लागली.

"अहो आई, बेबी, भांडू नका ना," जावई म्हणाला. "हे घ्या टी-शर्ट. इस्त्री करून, नंबर लावून तयार ठेवलेत."

जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं. स्पर्धेचे टी-शर्ट आणि नंबर त्यानेच आणले होते, पिनाही त्यानेच टोचल्या होत्या. टी-शर्ट सारखे, मापही एकच. एकावर हिरवा नंबर, एकावर निळा. मायलेकींनी भांडता भांडता हाताला आला तो टी-शर्ट चढवला, वर जाकीट घातलं आणि निघताना दोघी मिळून जावयावर ओरडल्या, कारण पाण्याच्या बाटल्या घरीच राहिल्या होत्या.

मैदानावरून पाच आणि दहावाल्या सगळ्यांना एकदमच सोडलं. गर्दी एवढी की आई पहिल्या मिनिटातच दिसेनाशी झाली. बेबीने जाकीट कमरेला बांधलं आणि वेग धरला. पाय ऐकत होते, श्वास बसत होता. किती वर्षांनी ही गंमत अनुभवत होती ती! पुलाजवळ रस्त्याला दोरी लावलेली होती आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला एक दांडगा स्वयंसेवक उभा होता.

"हिरवे इकडून वळा! निळे सरळ!"

बेबी सरळ निघाली. शिट्टी कर्कश वाजली.

"ओ ताई! हिरवा नंबर! वळा!"

"मी दहाची आहे."

"हिरवा म्हणजे पाच. खाली बघा की जरा."

बेबीने मान खाली घालून स्वतःच्या छातीवरचा नंबर पहिल्यांदाच नीट पाहिला. हिरवागार होता.

"काहीतरी चूक झालीय. मला जाऊ द्या."

"सगळे असंच म्हणतात. हिरव्याला पुढे सोडलं तर मला बोलणी बसतात. वळा, मागच्यांची वाट अडतेय!"

बेबीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चूक कसली? कारस्थान! आई आठवडाभर 'पाच धाव' म्हणून मागे लागली होती, आणि नवऱ्याने सासूच्या शब्दाखातर परस्पर तिचं नाव दहातून पाचात नेलं होतं. दोघांनी मिळून तिला लहान मुलासारखं फसवलं होतं! ती गर्रकन वळली आणि शेवटच्या रेघेपाशी थांबलेल्या नवऱ्याला गाठण्यासाठी अशी सुटली, की मघाशी तिच्या पुढे असलेले लोक दचकून बाजूला होऊ लागले. वाटेत ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती आणि प्रत्येक वाक्यासरशी तिचा वेग वाढत होता.

शेवटची रेघ ओलांडून ती थेट नवऱ्याच्या दिशेने वळली, पण दोन बायकांनी तिला प्रेमाने दंडाला धरलं आणि मंचाकडे नेलं.

"अभिनंदन काकू! पहिल्या आलात!"

"काकू कोण?"

उत्तर ध्वनिवर्धकावरून आलं. "साठ वर्षांवरील महिला, पाच किलोमीटर, प्रथम क्रमांक! जोरदार टाळ्या होऊ द्या!"

मैदान टाळ्यांनी दुमदुमलं. बेबीला क्षणभर काही उमगेना. मग ती निवेदकावर ओरडली, "अहो, मी चौतीस वर्षांची आहे!"

निवेदकाने चटकन माईक तिच्या तोंडापुढे धरला, मग स्वतःकडे ओढला. "ऐकलंत? मनाने चौतीस! अशी जिद्द हवी! यापुढे कुणी म्हणेल का, की वय झालं म्हणून?"

टाळ्या दुप्पट झाल्या. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी तर उभं राहून हात जोडले. प्रमुख पाहुण्या त्वचेच्या डॉक्टर होत्या. चषक हातात देताना त्या बेबीच्या चेहऱ्याकडे धंदेवाईक नजरेने पाहत हळूच म्हणाल्या, "वयाच्या मानाने फारच छान ठेवलंय हो स्वतःला. फक्त डोळ्यांखाली जरा लक्ष द्या."

"डोळ्यांखाली माझी मुलगी आहे! रात्रभर झोपू देत नाही ती!"

"हो ना, मुलांची काळजी या वयातही सुटत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बेबी चषकाने नक्की कुणाला मारावं याचा विचार करत होती. तेवढ्यात तिच्या मनात आलं, साठीच्या पुढचा नंबर जर आपल्या अंगावर आहे, तर आपला नंबर कुणाच्या अंगावर आहे? आईच्या! दहा किलोमीटर! आणि तो गुडघा!

ती मंचाच्या कडेला धावली. खाली नवरा तान्हीला कडेवर घेऊन कौतुकाने टाळ्या वाजवत होता.

"टाळ्या काय वाजवतोस? नंबर कुणाचा कुठे लावलास? आई दहाच्या रस्त्याला गेलीय!"

नवऱ्याचे हात हवेतच थांबले. "निळा आईंचा होता ना?"

"दिवसभर लोकांचे डोळे तपासतोस आणि तुला हिरवा-निळा कळत नाही?"

"कळतो गं. पण कोणता कुणाचा, ते नंबर देणारे सांगत होते तेव्हा तुझा फोन आला, बाटल्या विसरू नकोस म्हणून."

एवढ्यात मंचावर दुसरंच वादळ चढलं. पांढऱ्या वेणीची, सडपातळ, सत्तरीकडे झुकलेली एक बाई तरातरा वर आली आणि तिने निवेदकाच्या हातातला माईक हिसकावला.

"लबाडी आहे ही! पहिली मी आलेय! दर वर्षी मीच येते! ही बाई साठीची? डोळे फुटलेत का तुमचे? तिची मान बघा, हात बघा! तिशीच्या पुढे एक दिवस नाही ती!"

बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून भेटलेल्या माणसांत हे एकच डोळस माणूस होतं. तिने चषक त्या बाईच्या हातात दिला आणि तिचा हात घट्ट धरला.

"काकू, पुन्हा एकदा बोला ना. या डॉक्टरीणबाईंकडे बघून बोला."

पण काकू भांडायच्या तयारीने आल्या होत्या, असं चटकन संपवणार नव्हत्या. "नको मला उष्टा चषक! आधी माफी मागा!" आयोजक माफी मागू लागले, तशी त्यांनी त्यांच्या शब्दांतल्याही चुका काढल्या.

त्या गोंधळात बेबी रस्त्याकडे पाहत राहिली. रुग्णवाहिका दिसली की तिचा जीव वरखाली व्हायचा. मंडप रिकामा होत आला, दोऱ्या सुटू लागल्या, आणि मग वळणावरून आवाज आला. माणूस दिसायच्या आधी आवाजच आला.

"हे केळ्याचं साल कुणी टाकलं? उचला आधी!"

लाल चेहऱ्याची, घामाने निथळणारी आई आली. धावणं म्हणावं की चालणं, हे सांगणं कठीण होतं, पण ती थांबलेली नव्हती.

"आई! बरी आहेस ना? गुडघा?"

"हात नको लावूस! कारटे, मला न विचारता दहात नाव घातलंस? त्या शिट्टीवाल्याला मी सांगतेय, बाबा, मला वळायचंय, तर म्हणतो निळा म्हणजे सरळ! पुढच्या वळणावर दुसरा, तोही तसलाच! मग म्हटलं, थांबा, पूर्ण करते आणि एकेकाला बघते!"

"मी नाही घातलं गं. याने नंबर बदलले. तुझ्या नंबरावर मला साठीची म्हणून बक्षीस मिळालं."

आईने लेकीकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. जावयाने तान्हीला किंचित पुढे धरलं. आता आई फुटणार असं वाटत असतानाच ती हसायला लागली. हसता हसता तिथेच रस्त्याच्या कडेला बसली.

"माझं पोर साठीचं!" ती डोळे पुसत म्हणाली. मग एकदम गंभीर झाली. "म्हणजे तुझे दहा राहिलेच की."

"राहू दे. संपली स्पर्धा."

"रस्ता कुठे संपलाय? आणा इकडे तान्हीला. जावईबापू, तुम्ही हिच्याबरोबर जा. आणि या वेळी पाणी घेऊन जा."

मोकळ्या झालेल्या एका स्वयंसेवकाची सायकल मागून घेऊन नवरा तिच्या शेजारून निघाला. पूल मागे पडला. रस्त्यावर आता मोटारी होत्या, टाळ्या नव्हत्या. बेबीला दिवसात पहिल्यांदाच कुणाचा राग येत नव्हता, आणि तिथेच घोटाळा झाला. पाय शिशासारखे जड झाले. तिने वेग कमी केला, मग आणखी कमी केला.

"होत नाही रे," ती धापा टाकत म्हणाली. "काहीतरी बोल."

नवऱ्याने सायकल तिच्या अगदी जवळ घेतली.

"सांगू का, नको असं चाललंय माझं," तो म्हणाला. "निघताना आई म्हणाल्या, अर्ध्यातून परत आणा तिला, तिच्याच्याने होणार नाही."

"असं म्हणाली? असं म्हणाली ती?"

बेबी जी सुटली, ती सायकलवाल्यालाही दिसेनाशी झाली. नवऱ्याने सायकल थांबवली, बाटलीतलं घोटभर पाणी घेतलं आणि घाम पुसला. आई असलं काहीच म्हणाली नव्हती. तिने फक्त लेकीच्या पाठीकडे बघत हळूच विचारलं होतं, "बघा हो, माझ्यापेक्षा छान धावते की नाही?"