राख थंडी झाली का?

तुळशीराम मामा कोणाच्याही घरी गेले की आधी चुलीत हात घालतात. राम राम नंतर. उकिडवे बसून उपडा हात राखेवर ठेवतात आणि विचारतात, "काऊन वं, थंडी झाली का?" घरातली बाई "इझली ना मामा" म्हणाली की चिडतात. "इझली म्हनू नको. इझलेली आग सोंग घेऊन पडते. थंडी झाली म्हन."

मामा जन्मभर उन्हाळ्यात जंगलखात्याच्या रोजावर वणवे विझवायला जायचे. आता वय झालं, काम सुटलं, पण हाताची सवय सुटली नाही. स्वतः बिडी ओढतात, आणि संपली की तिला पाणी पाजून माती देतात, घरच्या माणसासारखी. एकदा पिंपळगाव राजाहून गावातली एक मुलगी पाहायला पाहुणे आले. त्यातल्या म्हाताऱ्यानं बिडीचं थोटूक अंगणात टाकलं. मामांनी तांब्याभर पाणी ओतलं. थोटूक नवरदेवाच्या जोड्याजवळ होतं. सोयरीक मोडली नाही, पण जावई अजून मामांना पाहिलं की पाय वर घेतो.

मोहाची फुलं वेचायला खालचा पाला पेटवणाऱ्या बायकांशी मामांचं नेहमीचं भांडण. "झाडून वेच ना माय. मोठ्या झाडाले काही होत नाही, त्याचे लेकरं जळून जातात."

मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. म्हणून मामांचा शनिवारचा तास मला चुलीपासून दिसायचा. पोरांना आग विझवायला शिकवायचा हा तास त्यांना मोठ्या सरांनीच दिला होता. शनिवारी मामा डोक्याला तेल लावून, धुतलेला सदरा घालून, पोरांच्या आधी फाटकाशी हजर.

तास म्हणजे खेळच. एकानं आग व्हायचं, बाकीच्यांनी लिंबाच्या ओल्या डहाळ्यांनी झोडायचं. मार खावा लागतो, तरी सगळ्यांना आगच व्हायचं असतं. ससा व्हायला कोणी तयार नाही. मग ससा मामाच व्हायचे. दोन्ही हात कानांवर उभे धरून, "वाचवा बे, वाचवा!" करत म्हातारा ससा मैदानभर उड्या मारायचा. मी एकदा हसता हसता खिचडीत दोनदा मीठ टाकलं.

अशाच एका शनिवारी तालुक्याहून साहेब तपासणीला आले. शाळेमागे जाऊन सिगारेट ओढली आणि थोटूक वाळल्या गवतात टाकलं. गवत धुपलं. पोरं डहाळ्या घेऊन धावली. साहेब मधेच उभे होते, तेही झोडले गेले. मग बादली आली. शेवटी तिसरीतल्या आरतीनं साहेबांच्या ओल्या टकलावर उपडा हात ठेवला आणि ओरडली, "मामा, साहेब थंडे झाले!"

मामा आले, पण साहेबांकडे पाहिलंच नाही. गवतात हात ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास बे पोट्टेहो!"

साहेब गेल्यावर मोठे सर म्हणाले, "मामा, तुमचा तास आता बंद. माझ्या नोकरीवर येईल."

"बरं सर," मामा म्हणाले.

पुढच्या शनिवारी ते तेल लावून, सदरा घालून फाटकाबाहेर आले. थोडं उभं राहून परत गेले. त्याच्या पुढच्याही शनिवारी तसंच. मामी गेल्यापासून ते पुतण्याकडे जेवतात. गावात एकच चूल अशी आहे जिला मामा हात लावत नाहीत, ती त्यांच्या घरची.

मी चार माणसांत बोलत नाही. सरांशी तर मुळीच नाही. पण काल शनिवारी मामा पुन्हा फाटकाशी दिसले, तेव्हा पदर सावरून मी तिथवर गेले.

"मामा, शाळेतल्या चुलीची राख पाहून देता का? मले काही समजून नाही राह्यलं."

मामांनी ओट्यावर उभ्या सरांकडे पाहिलं. सरांनी तास बंद केला होता, राखेचं काही म्हटलं नव्हतं. ते दुसरीकडे पाहू लागले.

मामा चुलीपाशी उकिडवे बसले. पोरं गराडा घालून उभी राहिली. मी चूल अजून पेटवलीच नव्हती. राख आदल्या दिवशीची, आणि तिच्यावर रात्री मांजर निजून गेलं होतं.

मामांनी उपडा हात ठेवला. बराच वेळ उचलला नाही. मग पोरांकडे पाहिलं.

"अजून कोमट आहे वं," ते म्हणाले. "पुढच्या शनवारी पुन्हा पाहा लागन."